एकेचाळीस पाकिटं

कात्रप, बदलापूर
९ जुलै १९८९

प्रिय गुरुदादा,

साष्टांग नमस्कार घाल म्हणून आईने बजावलंय. घातला असं समज. तुझ्या मावशीला वाटतं, बंगलोरला गेलेला भाचा म्हणजे कोणी मोठा साहेब झाला. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात माझ्या ताटातली भजी पळवणारा तूच, हे ती सोयीस्कर विसरली आहे.

ऐक. आनंदनगरच्या ज्या कारखान्याला तू प्रोग्रॅम लिहून दिलास ना, तिथेच मी आता कॉम्प्युटरवर बसते. थाट काय विचारतोस! सगळ्या कारखान्यात एकच एसी, तो या खोलीला. चपला बाहेर काढायच्या. सदू शिपाई रोज फडकं मारतो आणि मशीनला हात जोडून मगच बाहेर जातो. मी एकदा हसले, तर म्हणाला, "हसू नका मॅडम, उद्या हाच आपल्याला पगार देनार."

सध्या दवाखान्याचं काम आहे. कारखान्याच्या दवाखान्याची पाच वर्षांची रजिस्टरं मशीनमध्ये भरायची, कोणाला कधी काय झालं, काय औषध दिलं ते सगळं. पण एक अडलंय. कंपनी औषध फक्त कामगाराला देते, घरच्यांना नाही. मग कामगार काय करतात, बायकोचा खोकला, पोराचा ताप स्वतःच्या नावावर सांगतात. जुने डॉक्टर देवमाणूस, सगळं ओळखून औषध लिहून द्यायचे. कंपाउंडर विष्णुपंत अशा नोंदीपुढे समासात पेन्सिलीने बारीक "घरच्यासाठी" लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी त्या कामगाराला स्वतःला काही झालं तर घोटाळा नको. तपासणी आली की खोडरबर. तर ही पेन्सिलीची नोंद मशीनमध्ये कुठे टाकू? तुझ्या प्रोग्रॅममध्ये तिला जागाच नाही.

उमावहिनीला सांग, आई लोणचं पाठवते आहे.

तुझी,
मीनल

बंगलोर
२४ जुलै १९८९

मीनल,

शाब्बास! आपल्या खानदानात कॉम्प्युटरला हात लावणारी दुसरी व्यक्ती तू. पहिली कोण ते सांगत नाही, मी लाजाळू आहे.

समासाचं डोक्यातून काढून टाक. मशीनला समास नसतो. नाव, तारीख, आजाराचा नंबर, औषध, संपलं. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे लिहिलेलंच नाही. आणि विष्णुपंतांच्या भानगडी तू कशाला लेखी करतेस? म्हातारा दोन वर्षांत रिटायर होईल, सुखाने होऊ दे. तुझं काम टाइप करायचं, फटाफट कर.

लोणचं कैरीचं असेल तरच पाठवा.

गुरुदत्त

कात्रप, बदलापूर
१२ ऑक्टोबर १९८९

प्रिय गुरुदादा,

आज थट्टा नाही.

तू म्हणालास तसं केलं. समास सोडला, रजिस्टरं संपवली. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घातली, पर्सोनेलच्या साहेबांनी नारळ फोडला. पेढे वाटून झाल्यावर ते माझ्या खुर्चीवर बसले. तुझ्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर आठ कामं दिसतात, एक ते आठ. साहेबांनी नऊ दाबलं. मला वाटलं चुकले. पण मशीनने पासवर्ड विचारला, साहेबांनी तो टाकला, आणि प्रिंटर कर्रकर्र सुरू झाला. एकेचाळीस नावं. पुढे आजार. क्षय, फिट्स, दमा, हृदय. सगळे टेंपररी कामगार.

येत्या एक जानेवारीला टेंपररीतले काही लोक कायम व्हायचेत, हे तुला आठवत असेल. सहा-सहा वर्षं ब्रेक खाऊन, म्हणजे दर काही महिन्यांनी घरी बसून परत कामावर येऊन, लोक त्या तारखेकडे डोळे लावून बसलेत. साहेब म्हणाले, "या एकेचाळीसांना कायम करायचं नाही. डिसेंबरात ब्रेक द्यायचा, परत बोलवायचं नाही." मग माझ्याकडून यादीच्या तीन फ्लॉप्या करून घेतल्या. शेजारच्या दोन कारखान्यांचे लोक आले होते, चहा प्यायले आणि एकेक घेऊन गेले. म्हणजे हे लोक इथून सुटले तर तिथेही दार बंद.

यादीत कुळगावचा कोंडाजी आहे. ड्रम भरण्याच्या खात्यात आहे, दोन माणसांचा ड्रम एकटा कलंडवतो. त्याच्यापुढे लिहिलंय क्षय, सत्त्याऐंशी साली नऊ महिने औषध. ती नोंद मी भरली. तिच्या समासात "घरच्यासाठी" होतं, हे मी या डोळ्यांनी वाचलं होतं रे! वाचलं आणि सोडून दिलं.

हा नऊ नंबर तुला माहीत होता का?

मीनल

बंगलोर
२३ ऑक्टोबर १९८९

मीनल,

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नऊ नंबरचं मला काही आठवत नाही. मी गेल्यावर कोणी घुसडलं असेल. असे लोक असतात.

तुझ्या कोंडाजीचा उपाय सोपा आहे. सोबतच्या चिठ्ठीवर सहा ओळी लिहिल्यात, तशाच टाइप कर. त्याची क्षयाची नोंद पडद्यावर येईल. मशीन विचारेल, पुसू का? हो म्हण. नोंद गायब. साहेबांना सांग, यादी पुन्हा काढून बघा, काही चूक वाटते. चाळीस नावं येतील. कोणाच्या बापाला कळणार नाही.

बाकीच्यांचं तू काही करू शकत नाहीस. ते खरोखरच आजारी आहेत, मशीन खोटं बोलत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नकोस, हात पोळतील. तुझं लग्न व्हायचंय अजून. दिवाळीचा फराळ पोचला, उमाने चकल्या माझ्यापासून लपवून ठेवल्यात.

गुरुदत्त

कात्रप, बदलापूर
५ नोव्हेंबर १९८९

गुरुदादा,

तुझ्या सहा ओळी टाइप केल्या. कोंडाजी पडद्यावर आला. मशीनने विचारलं, पुसू का? बोट ठेवलं, पण दाबवेना.

कारण यादीत त्याच्या वरचं नाव पॅकिंगमधल्या वेणूबाईचं आहे. तिला फिट्स यायच्या. खरंच यायच्या, चार वर्षांत एकही आलेली नाही. कोंडाजीचं खोटं आहे म्हणून मी पुसायचं, आणि वेणूबाईचं खरं आहे म्हणून तिने उपाशी मरायचं? त्यांनी हे डॉक्टरला सांगितलं होतं. साहेबांना नाही, शेजारच्या कारखान्याला तर नाहीच नाही. यादी चुकली असती तर मी दुरुस्त केली असती. ती बरोबर निघाली तरी काढायलाच नको होती, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

मग रविवारी कुळगावला कोंडाजीच्या घरी गेले. यादीत तू आहेस, एवढं सांगितलं. म्हटलं, "औषध तुझ्यासाठी नव्हतं हे साहेबांना सांग. विष्णुपंत साक्षीला तयार आहेत." आणि ते खरंच तयार आहेत रे! रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला माणूस म्हणाला, "घरच्यांना औषध मी दिलंय, मी सांगेन." कोंडाजीने सांगितलं औषध कोणासाठी होतं ते. सरकारी दवाखान्यात नेलं असतं तर घरी चौकशीला माणूस आला असता आणि चार घरांत बोभाटा झाला असता, म्हणून कारखान्यातून आणलं. आणि म्हणाला, "नाय ताई. माजा नाव पुसायसाठी तिचा नाव लिवायचा का? तिचा संसार हाय." ती कोण ते तुला लिहीत नाही. तुलाही नाही.

आता तुझ्याबद्दल. तूच शिकवलं होतंस, प्रोग्रॅम वाचायचा असेल तर कसा वाचायचा ते. नऊ नंबरचा उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलंय, लिहिणार गुरुदत्त, तारीख चौदा एप्रिल अठ्ठ्याऐंशी. काही आठवत नाही म्हणे! मला खोटं सांगितलंस याचं जास्त लागलं. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी काय करणार ते ऐक. एकेचाळीस जणांचं प्रत्येकाचं पान वेगळं छापणार. वेगवेगळ्या पाकिटांत घालणार. ज्याचं त्याच्या हातात देणार, दुसऱ्याचं अक्षर दुसऱ्याला दिसणार नाही. तुमच्याबद्दल काय लिहिलंय आणि ते कोणाकडे गेलंय, एवढं कळायचा त्यांचा हक्क आहे. पुढे कल्याणला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवावं.

तुझ्याकडून एकच हवंय. नऊ नंबर तू लिहिलास आणि कोणी लिहायला सांगितला, हे सहीनिशी लिहून पाठव.

मीनल

बंगलोर
१४ नोव्हेंबर १९८९

मीनल,

होय. नऊ नंबर माझाच.

दीड तासाचं काम होतं. साहेब म्हणाले, जुने आजारवाले एका ठिकाणी दिसले तर बरं, डॉक्टरांना सोपं पडेल. मी विश्वास ठेवला असं लिहिणार होतो, पण तू पुन्हा पकडशील. डॉक्टरांना सोपं पडायला पासवर्ड कशाला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. त्याच आठवड्यात साहेब माझ्यासाठी बंगलोरच्या नोकरीचं शिफारसपत्र लिहीत होते. मी तोंड मिटून घेतलं.

पण लिहून मागू नकोस. उमाला सातवा लागलाय. इथे कळलं की मी जुन्या गिऱ्हाइकाविरुद्ध सही दिली, तर मला दारात उभं करणार नाहीत. आणि तुझंही ऐक. मशीन कंपनीचं, कागद कंपनीचा, माहिती कंपनीची. पाकिटं वाटलीस की उद्या तुलाच चोर ठरवतील. मी सुरी करून दिली, कोणी कोणाच्या मानेवर फिरवली त्याला मी काय करू?

राग धर माझा, पण हे करू नकोस.

गुरुदत्त

कात्रप, बदलापूर
२९ नोव्हेंबर १९८९

गुरुदादा,

केलं.

विष्णुपंतांनी दवाखान्याची मागची खोली दिली. एकेकाला औषधाच्या निमित्ताने आत बोलवायचं, दार लावायचं, पाकीट हातात द्यायचं. वेणूबाईला वाचता येत नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. ती म्हणाली, "येवढा सगला त्या डब्यात हाय? माज्या नवऱ्याला बी नाय म्हाईत." तिघांनी पाकीट घेतलं नाही. एक तर माझ्या अंगावर धावून आला, तुम्हीच भरलंत ना म्हणून. बरोबरच होतं त्याचं.

अडतीस जणांनी अर्जावर सही-अंगठे केले. परवा कल्याणला पहिली तारीख झाली. साहेब म्हणाले, "यादी आम्ही केलेली नाही. मशीनने काढली. मशीनला काय कोणाशी दुश्मनी आहे?" अधिकाऱ्यांनी आमच्याकडे बघितलं. मशीनशी भांडायचं कसं?

मग साहेब कोंडाजीकडे वळले, अगदी गोड आवाजात. बहुतेक विष्णुपंतांच्या पेन्सिलीचं त्यांच्या कानावर गेलं असावं. म्हणाले, "कोंडाजी, तू एवढंच सांग, तुला क्षय झाला होता का? नाही म्हण, या क्षणी तुझं नाव काढतो. सगळ्यांसमोर." एक शब्द, आणि सहा वर्षांची मेहनत फळाला. नाही म्हणाला तर पुढचा प्रश्न काय येणार, तेही त्याला माहीत होतं. मग औषध कोणी खाल्लं?

कोंडाजी म्हणाला, "झाला का नाय झाला, ते मी नाय सांगनार. तुमी इचारायचाच नाय."

साहेबांनी वेणूबाईला विचारलं. तिनेही तेच. मग कोणालाच विचारलं नाही.

पुढची तारीख अठरा डिसेंबर. अधिकारी म्हणाले, ही यादी मुद्दाम करवून घेतली याचा काही पुरावा आहे का? प्रोग्रॅमची पहिली ओळ मी दाखवली. साहेब म्हणाले, कोण गुरुदत्त, आम्ही ओळखत नाही. ऐकलंस ना? ज्याच्यासाठी तोंड मिटलंस, तो तुला ओळखत नाही.

मला मशीनवरून काढून स्टोअरला टाकलंय. ड्रम मोजते. चोरीचा मेमोही आलाय, त्याला उत्तर दिलं की ज्याचं पान त्यालाच दिलं, चोरी कोणाची? आई दोन दिवस बोलत नव्हती. काल स्वतःहून डबा भरून दिला.

सही देणार की नाही ते एका ओळीत कळव. नाही म्हणालास तरी मी थांबणार नाही.

मीनल

बंगलोर
९ डिसेंबर १९८९

मीनल,

तुझं पत्र उमाच्या हाती पडलं. मागचीही काढून वाचली तिने. लहानपणी तिला आकडी यायची, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, "आपल्या बाळाचं कितव्या नंबरावर लिहून ठेवणार आहात?"

सोबत कागद आहे. वकिलासमोर सही केली आहे. एक प्रत अधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने गेली, एक साहेबांना. शिफारसपत्राची प्रतही जोडली आहे. माझं नाव, कारखान्याचं नाव आणि चौदा एप्रिलची तारीख त्यात आहे. ओळखत नाही म्हणतात ना? बघू दे स्वतःची सही. इथल्या साहेबांनाही मीच जाऊन सांगितलं. ते काय करतील ठाऊक नाही.

कागदात लिहिलंय ते असं:

"नऊ क्रमांकाचा प्रोग्रॅम मी लिहिला. पर्सोनेल विभागाच्या साहेबांनी तो सांगितला. त्याचा उपयोग नोकरीतून वगळण्यासाठी होईल असा संशय मला होता, तरी मी लिहिला. दवाखान्याच्या रजिस्टरातला समास मी प्रोग्रॅममध्ये घेतला नाही, ही माझी चूक. पण समास घेतला असता तरी हे काम योग्य ठरलं नसतं. मशीन आपण होऊन यादी काढत नाही. कोणीतरी सांगतो, कोणीतरी लिहितो, कोणीतरी बटण दाबतो. लिहिणारा मी आहे."

तारखेला विचारतील तर मी येतो. तिकीट काढून ठेवलंय.

गुरुदत्त

कात्रप, बदलापूर
७ जानेवारी १९९०

प्रिय गुरुदादा,

अठरा तारखेला साक्ष देऊन तू रात्रीच्या गाडीने परत गेलास तेव्हा नीट बोलणंही झालं नाही. साहेबांसमोर उभा राहून "लिहिणारा मी" म्हणालास ना, तेव्हा तुझी नजर साहेबांवर नव्हती, खिडकीबाहेर होती. मी पाहिलं. आईला मात्र सांगितलं, गुरुदादा वाघासारखा बोलला.

एक तारखेचा बोर्ड लागला. अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे यादी रद्द. एकेचाळिसातले सव्वीस कायम झाले, बाकीचे नेहमीच्या नंबराप्रमाणे पुढच्या वर्षी. कोंडाजी आहे, वेणूबाई आहे. पाकीट न घेतलेल्या तिघांपैकीही एक आहे. परवा भेटला, मान हलवून गेला. शेजारच्या दोन्ही कारखान्यांनी फ्लॉप्या परत केल्या. पण त्यांनी त्यांच्या किती प्रती करून ठेवल्या, देव जाणे. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येत होतं. हे कसं खोडायचं, ते तू शोधून काढ. तुझं प्रायश्चित्त समज.

माझं सांगायचं तर मशीनवर परत बोलावलं होतं. नवीन वर्षाचं दवाखान्याचं रजिस्टर भरायचं होतं. म्हटलं, नऊ नंबर माझ्यासमोर पुसा आणि दवाखान्याची नोंद डॉक्टरखेरीज कोणी उघडणार नाही असं लेखी द्या, लगेच बसते. दिलं नाही. म्हणून स्टोअरलाच आहे. ड्रम मोजायला आवडतात असं नाही, पण बसले तर माझ्या अटीवर बसेन. विष्णुपंतांनी रजिस्टराच्या कपाटाला कुलूप घातलंय आणि किल्ली जानव्याला बांधलीय. मागा म्हणतात, कोण मागतं बघू.

तुझ्या नव्या पत्रात नोकरी टिकल्याचं वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. पगारवाढ गेली ती जाऊ दे. वहिनीला जप.

आणि पत्राच्या शेवटी विचारलंयस, आता सगळं मिटलंच आहे तर सांग, कोंडाजी ते औषध कोणासाठी नेत होता?

बरी आहे ती. एवढं पुरे.

तुझी,
मीनल